सायलेंट अक्षरांची स्पेलिंग्ज पक्की करायची तर कोणत्या क्रमाने करायची

एखादा शब्द पन्नास वेळा लिहून काढला, त्या दिवशी बरोबर आला, आणि पुढच्या आठवड्यात डिक्टेशनला परत नाइफमधला 'के' गायब. पालकांची ही तक्रार मी सतत ऐकते, आणि ऑफिसात इंग्रजी मेल लिहिणाऱ्या मोठ्या माणसांचंही काही वेगळं नसतं. मेहनत भरपूर होते, पण क्रम चुकतो. आधी लिहायला बसायचं आणि उच्चार, गट, ओळखीचे शब्द वगैरे नंतर कधीतरी बघू, असं होतं, आणि ते नंतर कधी येतच नाही. खाली दिलेला क्रम तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका, त्यातही चौथी तर अजिबात नको.

स्पेलिंग्ज मी अक्षरांची नावं तोडून देतेय, म्हणजे के-एन-आय-एफ-ई असं. ती मोठ्याने वाचत वाचत वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवा, नुसती नजर फिरवून काही हाती लागणार नाही.

## बसायच्या आधीची तयारी

पहिलं काम म्हणजे यादी, आणि ती नेटवरून उचललेली शंभर शब्दांची यादी नको. स्वतःच्या किंवा मुलाच्या जुन्या वह्या काढा, तपासलेले पेपर काढा, पाठवलेले मेल उघडा आणि जिथे खरंच चूक झालीय तेच शब्द उचला. जे शब्द आधीच येतात त्यांच्यावर वेळ घालवणं हीच सगळ्यात मोठी गळती आहे. एका बैठकीला आठ-दहा शब्द पुरे, मुलं लहान असतील तर पाचच घ्या.

एक वही, प्रत्येक पानावर चार रकाने: शब्द, उच्चार, अडणारं अक्षर, ओळखीचा शब्द. दोन रंगांची पेनं. फोनमध्ये अशी डिक्शनरी हवी जिच्यात उच्चार ऐकू येतो, कारण देवनागरीत लिहिलेला उच्चार कधी कधी फसवतो. डेट म्हणजे तारीख आणि डेट म्हणजे कर्ज, आपण दोन्ही सारखंच लिहितो, इंग्रजीत मात्र दोघांचे स्वर वेगळे आहेत. सरावापुरतं फोनचं ऑटोकरेक्ट बंद ठेवा.

कॉम्प्युटरवर काम करत असाल तर स्पेलचेकची भाषाही आत्ताच बघून घ्या. बऱ्याचदा ती अमेरिकन इंग्लिशवर सेट असते आणि मग कलरमधला 'यू' चूक म्हणून लाल रेघ येते. आपल्याकडे शाळेत आणि सरकारी पत्रव्यवहारात ब्रिटिश स्पेलिंग चालतं, तेव्हा इंग्लिश इंडिया किंवा इंग्लिश युनायटेड किंगडम निवडा.

## पायरी 1: आधी उच्चार, मग पेन

शब्दाचा खरा उच्चार माहीत नसेल तर कोणतं अक्षर सायलेंट आहे हे कळणारच नाही. आपली मोठी अडचण अशी की बरेच इंग्रजी शब्द मराठीत इतके मुरलेत की त्यांचा आपला वेगळाच उच्चार झालाय. प्लंबर आणि बॉम्ब आपण 'ब'सकट म्हणतो, इंग्रजीत ते प्लमर आणि बॉम. मराठी बोलताना प्लंबरच म्हणा, त्यात काही चूक नाही, पण वहीत उच्चाराच्या रकान्यात इंग्रजी उच्चार लिहा.

उलट बाजूही आहे. न्यूमोनिया, सायकॉलॉजी, हाफ, चॉक हे शब्द आपण पहिल्यापासून कानाने बरोबर शिकलो, म्हणून लिहिताना न्यूमोनिया 'एन'ने सुरू होतो आणि चॉकमधला 'एल' सुटतो.

सावधान: 'ऑफन' आणि 'ऑफ्टन' दोन्ही उच्चार डिक्शनरीत मिळतात. असा शब्द आला की कोणता बरोबर यावर वाद घालत बसू नका, स्पेलिंगमध्ये 'टी' आहेच.

## पायरी 2: अडणारं अक्षर तेवढंच पकडा

सगळा शब्द कधीच अवघड नसतो. नाइफमध्ये पहिल्या 'के'शिवाय काय अडतंय? काहीच नाही. म्हणून शब्द एका रंगात लिहा, अडणारं अक्षर दुसऱ्या रंगात, आणि लक्ष तिथेच ठेवा.

रिसीट घ्या, हा शब्द मी सगळ्यात जास्त वेळा चुकलेला बघते. बरोबर स्पेलिंग आर-ई-सी-ई-आय-पी-टी. यात तीन जागा अडतात: 'स' आवाजाला 'सी', त्याच्यापुढे आधी 'ई' मग 'आय', आणि न ऐकू येणारा 'पी'. आता एकाने 'पी' बरोबर लिहिला पण 'आय' आणि 'ई'ची अदलाबदल केली, तर त्याला अख्खा शब्द परत वीस वेळा लिहायला लावून काय होणार, त्याची चूक एकाच जागी आहे. त्याला फक्त एवढंच सांगा की 'सी'नंतर 'ई' आवाज आला तर बहुतेक वेळा 'ई' आधी येतो: रिसीव्ह, सीलिंग, डिसीव्ह, रिसीट. आणि हो, डिसीटमध्ये 'पी' नाही, रिसीटमध्ये आहे, ही जोडी शेजारी शेजारी लिहून ठेवा.

तपासा: वहीतल्या प्रत्येक शब्दात दुसऱ्या रंगाची अक्षरं एक-दोन, फार तर तीन असायला हवीत. सगळा शब्दच रंगला असेल तर उच्चार अजून पक्का नाही, पायरी 1 परत करा.

## पायरी 3: शेजारचं अक्षर बघून गट पाडा

सायलेंट अक्षर कुठेही उगवत नाही, ते ठराविक शेजाऱ्याबरोबरच येतं. एकेक शब्द सुटा पाठ करण्यापेक्षा गट पाठ केला की नवा शब्दही आपोआप जागेवर बसतो.

सुरुवातीला 'के' आणि 'एन': नाइफ, नी, नॉक, नॉट म्हणजे गाठ, नील म्हणजे गुडघे टेकणं, आणि नो म्हणजे माहीत असणं. इथे नेहमी 'के'च गप्प.

सुरुवातीला 'डब्ल्यू' आणि 'आर': राइट म्हणजे लिहिणं, राँग, रिस्ट, रॅप, रिंकल. 'डब्ल्यू' गप्प. यांतल्या बऱ्याच शब्दांत पिळणं, मुरडणं, गुंडाळणं असा अर्थ दडलेला असतो, रिस्टसुद्धा वळणारा सांधाच, हे मुलांना सांगितलं की लक्षात राहतं.

शब्दाच्या शेवटी 'एम' आणि 'बी': क्लाइम, थम, लॅम, कोम, टूम, बॉम. शेवटचे तीन बघा, ओ-एम-बी तिघांत सारखं आणि स्वर तिघांचे वेगळे. स्वराने फसू नका, शेवट एकच आहे.

सावधान: 'एम-बी' शब्दाच्या मध्ये असेल तर 'बी' साधारणपणे बोलतो, जसं नंबर, मेंबर, सप्टेंबर. पण क्लाइमपासून क्लाइमर आणि क्लाइमिंग झालं तरी 'बी' गप्पच राहतो, कारण मूळ शब्द तोच आहे. प्लमरही याच बाजूचा.

शेवटी 'एम' आणि 'एन': ऑटम, कॉलम, हिम म्हणजे स्तोत्र, कंडेम, सॉलेम. 'एन' गप्प. गट छोटा आहे, एका ओळीत संपतो.

'जी' आणि 'एन': साइन, डिझाइन, रिझाइन, फॉरेन, कॅम्पेन. फॉरेन म्हणजे एफ-ओ-आर-ई-आय-जी-एन, यात 'ई' आधी, 'आय' नंतर.

'एल'चा गट जरा नीट बघा कारण इथे गडबड जास्त. 'ए'नंतर 'एल' आणि त्यापुढे 'के', 'एफ' किंवा 'एम' आला तर 'एल' बहुतेक गप्प असतो: वॉक, टॉक, चॉक, हाफ, काफ, काम म्हणजे शांत, पाम. 'ओ'नंतर 'एल-के' आलं तरी तेच, फोक आणि योक. मिल्क, सिल्क, फिल्म, शेल्फ यांत आधी 'आय' किंवा 'ई' आहे म्हणून 'एल' व्यवस्थित बोलतो. कुड, वुड, शुड हे तिघे वेगळे लिहून ठेवा, तिघांतही ओ-यू-एल-डी.

'एस' आणि 'टी', पुढे 'एल-ई' किंवा 'ई-एन': कासल, व्हिसल, रसल, लिसन, फासन. 'टी' गप्प. लिसनसाठी सोपी खूण अशी की लिसनची सहा अक्षरं आणि सायलेंटची सहा अक्षरं अगदी तीच आहेत, फक्त क्रम वेगळा, त्यामुळे 'टी' विसरायचं कारणच नाही.

'जी'नंतरचा 'यू' नुसता शोभेला नाही, तो काम करतोय. 'जी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला की त्याचा 'ज' व्हायची भीती असते, जेम, जायंटमध्ये होतो तसा. मध्ये 'यू' घातला की 'ग' शाबूत राहतो: गेस, गेस्ट, गाइड, गिटार, गिल्टी. शेवटीही तसंच, लीग, व्हेग, कलीग. आता कॉलेज आणि कलीग जवळ जवळ लिहा: सी-ओ-एल-एल-ई-जी-ई आणि सी-ओ-एल-एल-ई-ए-जी-यू-ई. ऑफिसच्या मेलमध्ये 'माय कॉलेज विल कॉल यू' असं लिहून गेलेलं मी बघितलंय, आणि स्पेलचेक यावर ब्रही काढत नाही. गेट, गिव्ह, गिफ्ट, गर्ल हे या गटात नाहीत, तिथे 'यू' घालू नका.

'एच' गप्प असलेले सुरुवातीचे रोजचे शब्द मोजून चार: अवर, ऑनेस्ट, ऑनर, एअर म्हणजे वारस. यांच्याआधी 'ॲन' लागतं, कारण कानाला स्वर ऐकू येतो.

तपासा: गट लिहून झाला की वही मिटा आणि प्रत्येक गटातला एक तरी शब्द तुमच्या यादीबाहेरचा आठवून लिहा. आठवला तर गट समजलाय, नाही आठवला तर नुसती यादी पाठ झालीय.

## पायरी 4: घराण्यातला बोलका शब्द शोधा

लोक नेमकी हीच पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिचाच आहे. एका शब्दात गप्प असलेलं अक्षर त्याच्याच नात्यातल्या दुसऱ्या शब्दात स्पष्ट ऐकू येतं, वहीतला 'ओळखीचा शब्द' हा रकाना त्याच्यासाठीच. साइनमध्ये 'जी' ऐकू येत नाही, सिग्नेचरमध्ये येतो. रिझाइन आणि रेझिग्नेशन, डिझाइन आणि डेझिग्नेशन, तसंच. बॉममधला 'बी' बंबार्डमध्ये बोलतो, क्रम म्हणजे पावाचा चुरा, त्यातला क्रंबलमध्ये. ऑटमचा 'एन' ऑटम्नलमध्ये, कंडेमचा कंडेम्नेशनमध्ये. मसलचा 'सी' मस्क्युलरमध्ये 'क' होऊन येतो, म्हणजे स्पेलिंग एम-यू-एस-सी-एल-ई. सॉफनचा 'टी' सॉफ्टमध्ये, फासनचा फास्टमध्ये.

कर्जाच्या डेटमध्ये 'बी' का, असं मुलं विचारतात. बँकेच्या पासबुकातला डेबिट दाखवा, डी-ई-बी-आय-टी, त्यातला 'आय' काढला की झालं. टू म्हणजे दोन, त्यातला 'डब्ल्यू' ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी सगळ्यांत ऐकू येतो. बिझनेसमधला 'आय' बिझीच्या 'वाय'पासून आलाय: बी-यू-एस-आय-एन-ई-एस-एस. गव्हर्नमेंट लिहिताना आधी गव्हर्न पूर्ण लिहा, मग मेंट जोडा, 'एन' सुटणार नाही. डेफिनेटलीत फायनाइट आहे, एफ-आय-एन-आय-टी-ई, म्हणून मध्ये 'ए' घालायचा नाही.

सावधान: काही घराण्यांत अक्षर बदलतं किंवा गळतं, आणि तिथे ही युक्ती उलटते. हे वेगळ्या पानावर लाल पेनाने लिहा. प्रोनाउन्समध्ये 'ओ-यू', प्रोनन्सिएशनमध्ये फक्त 'यू'. मेंटेनमध्ये टी-ए-आय-एन, मेंटेनन्समध्ये टी-ई-एन. एक्स्प्लेनमध्ये 'ए-आय', एक्स्प्लनेशनमध्ये फक्त 'ए'. फोरमध्ये 'यू' आहे, फोर्टीनमध्येही आहे, पण फॉर्टीमध्ये नाही: एफ-ओ-आर-टी-वाय. नाइनचा 'ई' नाइंटीमध्ये राहतो, नाइन्थमध्ये जातो. ट्रूचा 'ई' ट्रूलीत जातो, आर्ग्यूचा आर्ग्युमेंटमध्ये. चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना फॉर्टी आणि नाइंटी हेच दोन जास्त चुकतात.

## पायरी 5: 'जी-एच' वेगळ्या बैठकीत

'जी-एच' बाकी गटांबरोबर कधीच घेऊ नका, डोकं भंजाळतं. आधी सोपे: नाइट, लाइट, राइट, फाइट, हाय म्हणजे उंच, साय म्हणजे सुस्कारा. 'आय' आणि मग गप्प 'जी-एच'. पण काइट, व्हाइट, पोलाइट, इन्व्हाइट यांत 'जी-एच' नाही, त्यांचा गट शेवटच्या 'ई'चा.

मग भूतकाळाची क्रियापदं. ए-यू-जी-एच-टी की ओ-यू-जी-एच-टी हा गोंधळ सगळ्यांचाच असतो, त्यावर एक खात्रीची खूण आहे. मूळ क्रियापदात 'ए' असेल तर भूतकाळातही 'ए': कॅचचं कॉट, टीचचं टॉट. मूळ क्रियापदात 'ए' नसेल तर 'ओ': ब्रिंगचं ब्रॉट, बायचं बॉट, थिंकचं थॉट, फाइटचं फॉट, सीकचं सॉट. डॉटर आणि नॉटी ही क्रियापदं नाहीत, दोघांनाही 'ए' लावून टाका.

शेवटी दो, थ्रू, थरो, थॉट. चारही एकदम लिहायला गेलात की फसलात. आधी दो म्हणजे जरी: टी-एच-ओ-यू-जी-एच. त्याच्या शेवटी 'टी' लावला की थॉट. परत मूळ शब्दावर या आणि 'एच'नंतर 'आर' घाला, थ्रू झाला. त्या 'आर'च्या आधी एक 'ओ' घाला, थरो झाला, टी-एच-ओ-आर-ओ-यू-जी-एच. एका वेळी एकच अक्षर हलवायचं, आणि दर वेळी शब्द मोठ्याने म्हणायचा.

'जी-एच'चा 'फ' होतो ते रोजचे शब्द थोडेच आहेत: लाफ, कफ म्हणजे खोकला, रफ, टफ, इनफ. वेगळी चौकट करून ठेवा.

## पायरी 6: शेवटचा 'ई' आणि त्याची पुढची भानगड

शेवटचा गप्प 'ई' आधीचा स्वर बदलतो: हॉप आणि होप, किट आणि काइट, कट आणि क्यूट. हे शाळेत शिकवतात. शेपूट जोडताना काय करायचं ते मात्र राहून जातं.

राइटला आयएनजी लावताना 'ई' जातो आणि 'टी' एकच राहतो: डब्ल्यू-आर-आय-टी-आय-एन-जी. दोन 'टी' घातले तर स्वर आखूड होतो, आणि म्हणूनच रिटनमध्ये दोन 'टी' आहेत. होपिंगमध्ये एक 'पी', उड्या मारण्याच्या हॉपिंगमध्ये दोन.

शेपूट 'ए' किंवा 'ओ'ने सुरू होत असेल आणि शब्दाच्या शेवटी सी-ई किंवा जी-ई असेल तर 'ई' काढू नका: चेंजेबल, मॅनेजेबल, नोटिसेबल, करेजियस. तो 'ई' गेला तर 'ज'चा 'ग' आणि 'स'चा 'क' होईल. लव्हेबल, युजेबलमध्ये असा धोका नाही, तिथे 'ई' काढतात. याच कारणाने पिकनिकिंग, पॅनिक्ड, मिमिकिंगमध्ये 'सी'नंतर एक जादा 'के' येतो.

## पायरी 7: लिहिण्यापुरता वेगळा उच्चार

गटात न बसणाऱ्या शब्दांसाठी मनातल्या मनात असा उच्चार करा ज्यात सगळी अक्षरं ऐकू येतात. मराठी माणसाला हे फार सोपं जातं कारण लिहिलंय तसं वाचायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. वेड-नेस-डे. फेब-रु-अरी. बिस-कु-इट. इस-लँड. पार-लि-आ-मेंट. सेप-ए-रेट. सायकॉलॉजीला दोन तुकडे करा, 'साय' म्हणजे पी-एस-वाय, 'को' म्हणजे सी-एच-ओ, पुढचं सरळ आहे.

सावधान: हा उच्चार फक्त पेन हातात असताना. मुलाला खरा उच्चार आधी आणि हा नंतर शिकवा, उलटं केलंत तर चारचौघांत वेड-नेस-डेच तोंडात येईल.

## पायरी 8: झाकून लिहा, मग अंतर ठेवा

आता लिहायचं, आणि बघून अजिबात नाही. शब्द बघा, म्हणा, हाताने झाका, लिहा, उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चुकलं तर खोडरबर वापरू नका, चुकीच्या जागेवर गोल करा आणि शब्द शेजारी नव्याने, परत झाकून, पूर्ण लिहा. बघून लिहिताना फक्त हात चालतो, आठवण्याचं काम होतच नाही, म्हणून पन्नास वेळा लिहिलेलं विसरतं. झाकून तीन वेळा बरोबर आलं की त्या दिवशी तो शब्द सोडा.

तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी शब्दांचा क्रम बदला, नाहीतर मुलं यादीचा क्रमच पाठ करतात. एकदाही चुकला तर परत पहिल्या दिवसापासून.

## पायरी 9: वाक्यात डिक्टेशन

सुटा शब्द येतो आणि वाक्यात चुकतो, कारण तिथे लक्ष अर्थाकडे असतं. म्हणून छोटी वाक्यं घाला: 'माय डॉटर कट हर थम विथ अ नाइफ.' 'द प्लमर रोट द राँग डेट ऑन द रिसीट.' दुसऱ्या वाक्यात डेट तारखेचा आहे, लिहिणाऱ्याने कर्जाचा लिहिला तर उच्चाराची पायरी कच्ची आहे हे लगेच कळतं. आवाज तोच पण स्पेलिंग वेगळं अशा जोड्या वाक्यातच घ्या: राइट म्हणजे लिहिणं आणि राइट म्हणजे बरोबर, नो म्हणजे माहीत असणं आणि नो म्हणजे नाही, नाइट म्हणजे रात्र आणि 'के'ने सुरू होणारा नाइट म्हणजे सरदार, अवर म्हणजे तास आणि अवर म्हणजे आपलं. सुटे विचारले तर मूल कोणतंही एक लिहील आणि तुम्हाला बरोबर म्हणावंच लागेल.

मेल लिहिणाऱ्यांसाठी: स्पेलचेकची लाल रेघ अशा जोड्यांवर येत नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. पाठवायच्या आधी अशा शब्दांवर थांबून वाक्याचा अर्थ बघा.

## शेवटी उरलेलं पान

एवढं करून काही शब्द कशातच बसत नाहीत. कर्नल, सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल, त्यात 'आर' नाहीच. क्यू, क्यू-यू-ई-यू-ई. क्वायर, सी-एच-ओ-आय-आर. पीपल, पी-ई-ओ-पी-एल-ई. यॉट, वाय-ए-सी-एच-टी. रिदम, आर-एच-वाय-टी-एच-एम. यांच्यासाठी नियम शोधत बसू नका, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, पायरी 7 आणि 8 तेवढ्या करा. हे पान लहान ठेवा. ते भराभर भरायला लागलं तर गटात बसणारे शब्दही तिथे जाऊन बसलेत असं समजा, आणि ते उचलून परत पायरी 3 मध्ये आणा.